दर्याचे नकाशे करविणारे सर फ्रान्सिस बोफोर्ट

भूगोलाच्या तासाला वाऱ्याचें कोष्टक आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडून दरवर्षीं पाठ करून घेतों. धूर सरळ वर जात असला म्हणजे शून्य, झाडाचीं पानें सळसळूं लागलीं म्हणजे दोन, छत्री धरणें कठीण झालें म्हणजे सहा, झाडें मुळासकट उपटून पडलीं म्हणजे दहा. या कोष्टकाच्या माथ्यावर बोफोर्ट हें नांव असतें. मुलें तें नांव परीक्षेपुरतें लक्षांत ठेवतात व सुटी लागली कीं विसरून जातात. खरें पाहतां धूर, पानें व छत्री यांच्याशीं त्या मनुष्याचा कांहीं संबंध नव्हता. त्यानें कोष्टक केलें तें समुद्रावर, शिडांच्या जहाजांसाठीं. शिवाय वारा मोजणें हें त्याच्या आयुष्यांतील मोठें काम नव्हेच. मोठें काम निराळें होतें, आणि त्या कामामुळें किती जहाजें सुखरूप बंदरास लागलीं याची गणति कोणींही केलेली नाहीं. बुडालेल्या जहाजांची यादी करतां येते. वांचलेल्या जहाजांची यादी कोण ठेवणार? म्हणूनच अशा मनुष्याचें चरित्र मुलांपुढें मुद्दाम ठेवावें असें आम्हांस वाटलें.

जमिनीचा नकाशा व समुद्राचा नकाशा यांत एक मोठा भेद आहे, तो प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. जमिनीवरील वाटसरूचा नकाशा चुकला तर तो कोसभर आडवाटेनें जाईल, शेतांतल्या एखाद्या माणसास विचारील व पुन्हां रस्त्याला लागेल. समुद्रावर विचारावें कोणाला? वरून पाहिलें तर सगळें पाणी सारखेंच. त्याखालीं कोठें शंभर वाव खोली आहे आणि कोठें हातभर पाण्याखालीं खडक दबा धरून बसला आहे, हें डोळ्यांस दिसत नाहीं. आपल्या कोंकणांतील नाखव्यास आपल्या खाडीच्या तोंडाशीं असलेला वाळूचा दांडा ठाऊक असतो, कारण त्याच्या बापानें त्याला तो दाखविलेला असतो. परक्या किनाऱ्यावर बापाची शिकवण पुरत नाहीं. तेथें कागदावर लिहिलेला आंकडा हाच काय तो वाटाड्या. तो आंकडा ज्यानें लिहिला त्याच्या प्रामाणिकपणावर शेंकडों लोकांचे प्राण अवलंबून असतात.

फ्रान्सिस बोफोर्ट यांचा जन्म २७ मे १७७४ रोजीं आयर्लंडांतील मीथ परगण्यांत नॅव्हन या गांवीं झाला. वडील डॅनिअल ऑगस्टस बोफोर्ट हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. घराणें मूळचें फ्रान्समधलें. धर्मछळामुळें जे फ्रेंच प्रॉटेस्टंट लोक स्वदेश सोडून निघाले, त्यांच्या वंशांतलें. वडिलांना नकाशांचा नाद होता. त्यांनीं तयार केलेला आयर्लंडचा नकाशा १७९२ सालीं प्रसिद्ध झाला व त्याचा मोठा लौकिक झाला. घरांत विद्या भरपूर होती, परंतु पैशाची तंगी कायमची. सावकारांच्या तगाद्यामुळें कुटुंबाला बिऱ्हाड हलविण्याचे प्रसंग येत. मुलाचें शाळेंतील शिक्षण थोडक्यांत आटोपलें. त्याला लहानपणापासून समुद्राची ओढ होती, म्हणून वडिलांनीं त्यास डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेंत डॉक्टर अशर यांच्यापाशीं कांहीं महिने ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यास शिकण्यासाठीं ठेवलें. हें थोड्या दिवसांचें शिक्षण त्या मुलानें जन्मभर पुरविलें.

१७८९ सालीं, वयाचीं पंधरा वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, फ्रान्सिस ईस्ट इंडिया कंपनीच्या व्हॅन्सिटार्ट नांवाच्या जहाजावर चढला. जहाज चीनकडे निघालें होतें आणि त्याचे कप्तान लेस्टॉक विल्सन हे होते. वाटेंत बटाव्हिया बंदरांत या पोरानें स्वतः वेध घेऊन त्या स्थळाचे अक्षांश काढले. पुढें सुमात्रा बेटाच्या पूर्वेस गास्पार नांवाची सामुद्रधुनी लागते. तेथील उथळ जागांची नीट माहिती कोणासच नव्हती. ती पाहत पाहत जात असतांना ऑगस्ट महिन्यांत व्हॅन्सिटार्टचा तळ एका खडकावर आपटला. तो खडक कोणत्याही नकाशावर दाखविलेला नव्हता. जहाज गेलें व लोकांना होड्यांचा आश्रय करावा लागला. मोठ्या हालअपेष्टा सोसून फ्रान्सिस पुढील वर्षीं मायदेशीं परतला. ज्या वयांत आमचे विद्यार्थी नववी-दहावीच्या परीक्षेची धास्ती घेतात, त्या वयांत समुद्राच्या नकाशावर एक खूण नसली म्हणजे काय होतें हें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. आमच्या मतें त्याच्या पुढील साऱ्या आयुष्याचें बीज येथेंच पडलें.

१७९० सालीं तो इंग्लंडच्या नौदलांत शिरला. एकदां पोर्टस्मथ बंदरांत एका लहान होडींतून तोल जाऊन तो पाण्यांत पडला व बुडतां बुडतां वांचला. त्या कांहीं क्षणांत आपलें सारें गत आयुष्य कसें झरझर डोळ्यांपुढून गेलें, याचें वर्णन त्यांनीं पुष्कळ वर्षांनंतर एका शास्त्रज्ञ मित्राच्या आग्रहावरून लिहून दिलें. फ्रान्सबरोबर इंग्लंडचें युद्ध जुंपल्यावर १७९४ च्या जून महिन्यांतील प्रसिद्ध आरमारी लढाईच्या वेळीं ते हजर होते. १८०० सालच्या ऑक्टोबरांत स्पेनच्या मालागा शहराजवळ, किनाऱ्यावरील तोफांच्या माऱ्याखालीं उभें असलेलें एक शत्रूचें जहाज होड्यांतून जाऊन पकडण्याचें काम त्यांच्याकडे आलें. तें त्यांनीं पार पाडलें, परंतु अंगावर तलवारीच्या व गोळ्यांच्या मिळून एकोणीस जखमा झाल्या. बढती मिळाली, पण पुष्कळ काळ त्यांना घरीं पडून राहावें लागलें. त्या सक्तीच्या विश्रांतींतही ते स्वस्थ बसले नाहींत. १८०३ व १८०४ सालीं त्यांनीं आपले मेहुणे रिचर्ड एजवर्थ यांच्याबरोबर डब्लिनपासून गॉलवेपर्यंत खुणांनीं संदेश पोंचविणाऱ्या मनोऱ्यांची मालिका उभारण्यास मदत केली.

१८०५ सालीं त्यांना वूलविच नांवाचें जहाज मिळालें. तें लढाऊ जहाज असलें तरी त्याचा उपयोग सामान वाहण्याकडे होत होता. शूर अधिकाऱ्याला ही नेमणूक रुचली नाहीं हें उघड आहे. परंतु मनाजोगें काम मिळालें नाहीं म्हणून हातांतलें काम वाईट करावें, असा त्यांचा स्वभाव नव्हता. हवेची टिपणवही ठेवण्याची संवय त्यांना तरुणपणापासून होती. आतां त्यांच्या मनांत आलें कीं, एक कप्तान ज्याला जोराचा वारा म्हणतो त्यालाच दुसरा साधा वारा म्हणतो. मग दोघांच्या वह्या ताडून पाहाव्या कशा? म्हणून १८०६ च्या जानेवारी महिन्यांत त्यांनीं आपल्या वहींत वाऱ्याच्या पायऱ्या पाडून प्रत्येकीस अंक दिला, आणि पुढल्या वर्षीं थोडा फेरफार करून ते अंक शून्यापासून बारापर्यंत ठरविले. हवेच्या स्थितीसाठींही निळें आकाश, धुकें, पाऊस अशा प्रत्येक गोष्टीला एकेक अक्षर नेमलें. पुढें प्रत्येक अंकाला लढाऊ जहाजाच्या शिडांची खूण जोडण्यांत आली. शून्य म्हणजे वारा मुळींच नाहीं; बारा म्हणजे ज्यापुढें कोणतेंही शीड टिकत नाहीं असें तुफान. वाऱ्याचे असे वर्ग पाडण्याचा प्रयत्न त्यांच्यापूर्वींही झाला होता. पवनचक्क्यांचा अभ्यास करणारे स्मीटन या नांवाचे स्थापत्यशास्त्रज्ञ यांनीं तो केला होता. बोफोर्ट यांचें श्रेय असें कीं, कोणाही खलाशास जपतां येईल इतकी सोपी रीत त्यांनीं बसविली व आधीं स्वतः ती रोज पाळली.

याच जहाजावर असतांना १८०७ सालीं त्यांनीं दक्षिण अमेरिकेंतील प्लाता नदीच्या मुखाची पाहणी केली. समुद्राची पाहणी म्हणजे काय हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. किनाऱ्यावर सांखळीनें एक सरळ रेषा मोजून घ्यावयाची, तिच्या दोन टोकांपासून डोंगर, मनोरे, देवळांचे कळस अशा ठळक खुणांचे कोन घेऊन त्रिकोणांचें जाळें पसरावयाचें. मग होडींत बसून पाण्यावर जावयाचें. एक माणूस शिशाचा जड गोळा दोरीला बांधून तळाशीं सोडतो व दोरी किती वाव गेली तें ओरडून सांगतो. गोळ्याच्या बुडाशीं खांच असते. तींत चरबी भरलेली असते, म्हणून तळाची वाळू, चिखल किंवा शिंपले तिला चिकटून वर येतात व नांगर धरेल कीं नाहीं हें कळतें. त्याच क्षणीं दुसरा अधिकारी किनाऱ्यावरील तीन खुणांमधील कोन मोजून आपली होडी नेमकी कोठें आहे तें ठरवितो. तिसरा सर्व लिहून घेतो. भरतीच्या वेळीं मोजलेली खोली तशीच लिहिली तर ओहोटीच्या वेळीं येणारें जहाज फसेल, म्हणून भरती-ओहोटीचा हिशेब करून प्रत्येक आंकडा ओहोटीच्या पातळीवर आणावा लागतो. असे हजारों आंकडे घ्यावयाचे. आणि एवढें करूनही दोन आंकड्यांच्या मध्यें एखादा सुळका राहून गेला नाहीं ना, ही रुखरुख प्रामाणिक मनुष्याच्या मनांतून जात नाहीं.

१८११ व १८१२ सालीं बोफोर्ट यांनीं तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची पाहणी केली. हा प्रदेश त्या वेळीं युरोपच्या दर्यावर्दी लोकांना जवळजवळ अज्ञात होता. किनाऱ्यावर जुन्या ग्रीक व रोमन नगरांचे अवशेष उघड्यावर पडले होते. खोली मोजतां मोजतां त्यांनीं त्यांचींही टिपणें केलीं. १८१२ च्या जूनमध्यें आयास या ठिकाणीं त्यांच्या टोळीवर सशस्त्र लोकांनीं हल्ला केला. एक कोंवळा उमेदवार अधिकारी ठार झाला व गोळी लागून खुद्द बोफोर्ट यांच्या कमरेचें हाड मोडलें. त्यांचें समुद्रावरील आयुष्य येथेंच संपलें. वय अवघें अडतीस होतें. त्याच वर्षीं त्यांनीं विवाह केला. वधू अॅलिसिया ही त्यांच्या पहिल्या कप्तानाची, व्हॅन्सिटार्टवरील विल्सन यांची, कन्या होती. या सफरीचे नकाशे त्यांनीं घरीं बसून स्वतः सिद्ध केले व १८१७ सालीं कारामानिया हें पुस्तक प्रसिद्ध केलें.

यानंतर त्यांना बरींच वर्षें वाट पाहावी लागली. इंग्लंडच्या नौदलानें सागरी नकाशांचें खातें १७९५ सालीं उघडलें होतें. फ्रान्समध्यें तसें खातें १७२० पासूनच होतें. इंग्लंडला तें इतक्या उशिरां सुचलें याचें नवल वाटतें. कारण त्या काळच्या युद्धांत शत्रूच्या तोफांनीं जितकीं ब्रिटिश लढाऊ जहाजें घेतलीं किंवा बुडविलीं, त्यांहून अधिक जहाजें खडक, वाळूचे दांडे व वादळें यांनीं घालविलीं. पहिले अधिकारी अलेक्झांडर डॅलरिंपल यांनीं आधीं जमलेल्या कागदांचे ढीग लावले. खात्याचा पहिला नकाशा १८०० सालीं निघाला. त्यांच्यामागून आलेल्या टॉमस हर्ड यांच्या कारकीर्दींत, १८२१ सालीं, हे नकाशे व्यापारी जहाजांनाही विकत मिळूं लागले. १८२३ सालीं हर्ड वारले, तेव्हां उत्तर ध्रुवाकडील सफरींमुळें गाजलेले पॅरी यांची नेमणूक झाली. बोफोर्ट यांच्याकडे ही जागा आली ती १२ मे १८२९ रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं. ज्या वयांत आपल्याकडे पुष्कळ माणसें निवृत्तीच्या गोष्टी बोलूं लागतात, त्या वयांत या जखमी मनुष्याचें खरें काम सुरू झालें.

त्यांनीं तें काम जवळजवळ २६ वर्षें केलें. ते स्वतः समुद्रावर गेले नाहींत. एका लाकडी मेजापाशीं बसून त्यांनीं जगाच्या समुद्रांवर माणसें पाठविलीं. बेफील्ड कॅनडांतील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे खपत होते, ग्रेव्हज भूमध्य समुद्रांत, कॉलिन्सन व केलेट चीनच्या किनाऱ्यावर. प्रत्येकाचें पत्र आलें कीं उत्तर जाई. प्रत्येक नकाशा छापण्यापूर्वीं तपासला जाई. १८३१ सालीं फिट्झरॉय यांच्या हाताखालीं बीगल जहाज निघालें, तेव्हां त्यांस दिलेल्या लेखी सूचनांत बोफोर्ट यांनीं बजावलें कीं, सुबक चित्रें रंगविण्यांत वेळ दवडूं नये. साधीं, स्पष्ट रेखाटनें करावीं व प्रत्येकापुढें काय पाहिलें तें लिहावें. रेखांश बिनचूक यावेत म्हणून त्या जहाजावर २२ कालमापक घड्याळें होतीं, आणि वाऱ्याची नवी श्रेणी नोंदवहींत वापरण्यांत आली. फिट्झरॉय यांस बरोबर एखादा सृष्टिशास्त्रज्ञ पाहिजे होता. बोफोर्ट यांनीं केंब्रिज येथील आपल्या ओळखीच्या विद्वानांकडे चौकशी केली, आणि त्या चौकशींतून चार्ल्स डार्विन या तरुणाचें नांव पुढें आलें. त्या सफरीनें सृष्टिशास्त्राचें रूप किती पालटलें हें सर्वश्रुत आहे.

१८३३ सालीं खात्यानें भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापण्यास आरंभ केला. १८३४ सालीं नाविकांस सूचना या नांवाचें पत्रक सुरू झालें. ही गोष्ट दिसण्यांत लहान, पण फार महत्त्वाची आहे. नकाशा छापला म्हणजे काम संपत नाहीं. वाळूचा दांडा सरकतो, दीपगृह नवें होतें, एखादें जहाज नवा खडक शोधून काढतें. पुष्कळदां स्वतः त्यावर फुटूनच. ही बातमी ताबडतोब सर्वांना कळवून जुन्या नकाशावर दुरुस्ती करविणें हें त्या पत्रकाचें काम. ज्या मुलाचें पहिलें जहाज नकाशांत नसलेल्या खडकावर फुटलें, त्यानें पन्नाशीनंतर अशी व्यवस्था लावून दिली कीं, एका जहाजाला झालेली ठेंच हजार जहाजांना शहाणी करील. १८३८ पासून नौदलाच्या सर्व जहाजांवर वाऱ्याची श्रेणीही सक्तीची झाली. बोफोर्ट यांनीं खातें सोडलें तेव्हां त्याच्या यादींत सुमारे दोन हजार नकाशे होते.

या ठिकाणीं आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट आठवते. पोर्तुगीज सेनापति दों जुआंव द काश्त्रू यांनीं १५३८ व १५३९ सालीं गोव्यापासून दीवपर्यंत प्रवास करून दाभोळ, चौल वगैरे बंदरांचीं चित्रें, अक्षांश व भरती-ओहोटीचीं टिपणें मोठ्या काळजीनें केलीं. त्या काळीं पोर्तुगालचा राजा सागरी नकाशे गुप्त ठेवीत असे, कारण मार्ग कळला तर व्यापार दुसऱ्याच्या हातीं जाईल ही भीति. काश्त्रू यांची ती वही छापून बाहेर आली १८४३ सालीं, म्हणजे तीनशें वर्षांनीं. एवढ्या अवधींत त्याच बंदरांच्या तोंडाशीं किती गलबतें फुटलीं असतील! याच्या उलट, बोफोर्ट यांच्या खात्याचे नकाशे माफक किंमतींत कोणत्याही राष्ट्राच्या कप्तानास विकत मिळत. आज जो मित्र आहे तो उद्यां शत्रु होईल, हें ठाऊक असतांही ते विकले जात. सामान्य लोकांसाठीं स्वस्त नकाशे काढणाऱ्या एका ज्ञानप्रसारक मंडळीचे नकाशेही ते पुष्कळ वर्षें स्वतः तपासून देत असत.

हिंदुस्थानच्या समुद्राचें काम मात्र त्या वेळीं ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतंत्र खात्याकडे होतें. तेथील प्रमुख जेम्स हॉर्सबर्ग यांचीही कथा अशीच आहे. १७८६ सालीं चुकीच्या नकाशांमुळें त्यांचें जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटलें, आणि त्यांनीं उरलेला जन्म पूर्वेकडील समुद्रमार्गांची खरी माहिती गोळा करण्यांत घालविला. मुंबई हें ज्याचें मुख्य ठाणें होतें त्या कंपनीच्या आरमारांतील मोर्स्बी व त्यांचे सोबती यांनीं १८२९ पासून तांबडा समुद्र व १८३४ ते १८३६ या काळांत मालदीव बेटें मोजलीं. तेथील पोंवळ्यांचे खडक, ऊन व ताप यांची कल्पना आपणांस घरीं बसून यावयाची नाहीं.

आम्हांस येथें एक गोष्ट झांकून ठेवावयाची नाहीं. हे नकाशे केवळ परोपकारासाठीं होत नव्हते. ज्या खोलीच्या आंकड्यांवर धान्याचें जहाज आंत येतें, त्यांवरच तोफांचें जहाजही येतें. कॉलिन्सन व केलेट यांनीं खोली मोजली म्हणूनच १८४२ सालीं ब्रिटिश आरमार यांगत्से नदींतून नानकिंगपर्यंत चढून गेलें व चीनला अपमानाचा तह करावा लागला. ती लढाई अफूच्या व्यापारापायीं झाली हें आम्ही इतिहासाच्या तासाला सांगतोंच. विद्या स्वतः निर्दोष असली तरी ती कोणाच्या हातीं जाते याचा विचार विद्यावंतास सोडतां येत नाहीं. बोफोर्ट हे आपल्या राजाचे चाकर होते व त्यांनीं ती चाकरी केली. परंतु त्यांनीं नकाशे उघडे ठेवले, हेंही तितकेंच खरें. युद्धें संपलीं, तह विसरले गेले. त्या पाण्यांतून आज सर्व देशांचीं व्यापारी जहाजें ये-जा करतात.

म्हातारपणीं त्यांना कमी ऐकूं येऊं लागलें. १८४८ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. उत्तर ध्रुवाच्या बर्फांत १८४५ सालीं सर जॉन फ्रँकलिन आपल्या सर्व माणसांसह नाहींसे झाले. त्यांच्या शोधासाठीं जहाजें पाठविण्यांत बोफोर्ट यांनीं बरींच वर्षें खटपट केली. माणसें परत आलीं नाहींत, पण त्या शोधांत उत्तरेकडील कित्येक बेटें व किनारे नकाशावर आले. क्रिमियाच्या युद्धासाठीं बाल्टिक व काळ्या समुद्राचे नकाशे पुरवीत ते ऐशीं वर्षांचे होईपर्यंत मेजापाशीं बसले होते. १८५५ च्या आरंभीं त्यांनीं काम सोडलें, आणि १७ डिसेंबर १८५७ रोजीं ते वारले. तरुणपणीं सुरू केलेली हवेची टिपणवही त्यांनीं अखेरपर्यंत चालू ठेवली होती. अलास्का व कॅनडा यांच्या उत्तरेस असलेल्या समुद्राला त्यांचें नांव आहे.

शिडांचीं जहाजें गेलीं, तेव्हां त्यांची वाऱ्याची श्रेणीही जावयाची. परंतु लोकांनीं अंक ठेवले व खुणा बदलल्या. १९०६ सालीं सिंप्सन या हवामानशास्त्रज्ञांनीं जमिनीवरील खुणा जोडल्या. आमचे विद्यार्थी पाठ करतात तो धूर व ती छत्री यांचीच. सागरी नकाशांचें काम आतां सर्व देशांनीं वांटून घेतलें आहे. त्यासाठीं १९२१ सालीं मोनॅको येथें आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आपल्या देशांत १८७४ सालीं कलकत्त्यास सागरी पाहणीचें खातें निघालें, आणि १९५४ पासून तें कार्यालय डेहराडूनला आहे. समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशीं बसून तयार होतात, हें ऐकून मुलांना हंसूं येतें. शिशाच्या गोळ्याऐवजीं आतां ध्वनीच्या लहरी तळाशीं सोडून प्रतिध्वनीवरून खोली काढतात, व होडीची जागा उपग्रह सांगतात. असें असूनही पृथ्वीवरील समुद्रतळाचा नव्या पद्धतीनें मोजून झालेला भाग अद्याप चौथ्या हिश्श्याहून फारसा अधिक नाहीं. तेव्हां हें काम संपलें असें कोणी समजूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रांतून काय घ्यावें? एकोणीस जखमांचें शौर्य सर्वांच्या वांट्यास येत नाहीं, व यावें अशी आमची इच्छाही नाहीं. परंतु रोजची वही रोज लिहिणें, जें पाहिलें तेंच लिहिणें आणि शंका असेल तेथें शंका म्हणून लिहिणें, हें ज्याच्या त्याच्या हातांत आहे. प्रयोगशाळेंत उत्तर जुळत नाहीं म्हणून शेजाऱ्याचा आंकडा उतरून घेणारा मुलगा आपण कोणाचें नुकसान केलें असें समजत नाहीं. तोच मुलगा उद्यां औषधाचें प्रमाण लिहील, पुलाचा हिशेब करील, पाण्याची खोली मोजील. त्याच्या आंकड्यावर विसंबून जाणाऱ्या माणसांना तो कधीं पाहणारही नाहीं. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलाची वही पाहतांना किती गुण मिळाले एवढेंच न विचारतां, हें तूं स्वतः मोजलेंस काय, असेंही एकदां विचारीत जावें. पुढल्या वर्षीं वाऱ्याचें कोष्टक पाठ करून घेतांना आम्हीही त्या माथ्यावरच्या नांवापाशीं क्षणभर थांबूं, आणि गास्पारच्या सामुद्रधुनींत फुटलेल्या त्या जहाजाची गोष्ट मुलांना सांगूं.